रानवाटेवर एकाहून अधिक कुत्री : रायपूर परिसरातील अडचणी आणि त्यांची कारणे

रायपूर : भाताची कापणी उरकून पहाटेचा गारवा जाणवू लागला की रायपूरकरांच्या मोटारी शहराबाहेर वळतात. कोणी महानदीकाठच्या सिरपूरला जातो, कोणी धमतरीजवळच्या गंगरेल जलाशयावर, तर येथे स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे सुट्टीत राजनांदगाव-देवरी-साकोली मार्गे नागपूर गाठतात. घरातील कुत्र्यांना मागे सांभाळणारे कोणी नसेल, तर तीही या प्रवासात सामील होतात. एक कुत्रा असेल तर प्रवास बहुधा निभावतो. दोन किंवा तीन असतील, तर गाडीतून उतरून पायवाटेवर पाऊल ठेवताच हिशेब बदलतो.

ही कुत्री रस्त्यानेच का जातात, याचे उत्तर रेल्वेच्या नियमांत आहे. वातानुकूलित प्रथम श्रेणीतील संपूर्ण कूपे किंवा केबिन स्वतःच्या नावे आरक्षित असेल, तरच मोठा कुत्रा प्रवाशासोबत डब्यात नेता येतो. अन्यथा त्याची नोंद पार्सल कार्यालयात करून त्याला गार्डच्या डब्यातील पिंजऱ्यात ठेवावे लागते. शयनयान किंवा वातानुकूलित तृतीय श्रेणीत त्याला प्रवेश नाही. एकाहून अधिक कुत्री असणाऱ्यांपुढे मोटारीशिवाय फारसा पर्याय उरत नाही आणि मोटारीने जायचे म्हटले की दर काही तासांनी, बहुतेकदा अनोळखी जागी, त्यांना फिरवणे आलेच.

अडचणीचे मूळ कुत्र्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या परस्परसंबंधात आहे. तीस-तीस किलोंची दोन लॅब्राडोर जातीची कुत्री एकाच वेळी एकाच दिशेने झेपावली, तर दोरी धरणाऱ्याच्या वजनाइतकीच ओढ निर्माण होते. ती विरुद्ध दिशांना गेली, तर दोऱ्या पायात अडकतात. पण खरा प्रश्न वजनाचा नाही. एका कुत्र्याने भुंकायला सुरुवात केली की दुसरा कारण न पाहताच त्यात सामील होतो. एकटा असता तर ज्या सशाकडे तो मान वळवून पाहत राहिला असता, त्याच सशामागे जोडीने धावण्याची उर्मी अनावर होते. त्यातच दोरीमुळे समोरच्या लक्ष्यापर्यंत पोहोचता आले नाही, तर चिडलेला कुत्रा शेजारच्या सोबत्यालाच चावतो. घरात एका ताटात जेवणारी कुत्री वाटेवर एकमेकांना का फाडू लागली, या प्रश्नाने चक्रावणाऱ्या मालकांना हे उत्तर क्वचितच सुचते. सोडवायला मध्ये घातलेल्या हातालाच बहुतेक वेळा पहिली जखम होते.

मराठी घरांत दत्तात्रेयांच्या तसबिरीत चार श्वान असतात आणि त्यांना चार वेदांचे प्रतीक मानले जाते. त्या चित्रात दोरी कुठेही नसते, ही गोष्ट सहसा नजरेतून सुटते. प्रत्यक्षातही अनेक कुत्र्यांना घेऊन मैलोन्मैल चालणारी माणसे आहेत. महाराष्ट्रातील धनगर आहेत, तसेच उंट आणि मेंढ्यांसह विदर्भ व छत्तीसगडमध्ये भटकणारे कच्छचे रबारी आहेत. त्यांची कुत्री मोकळी असतात, पण ती भरकटत नाहीत. कारण त्यांना काम असते आणि कळप हे त्यांचे केंद्र असते. घरात वाढलेल्या कुत्र्याचे केंद्र त्याचा मालक असतो. अनोळखी जागी तिन्ही कुत्री त्याच एका माणसाचे लक्ष वेधू पाहतात आणि त्याच वेळी तिन्ही वेगवेगळ्या वासांकडे खेचली जातात. मेंढपाळाचे उदाहरण देऊन पाळीव कुत्री मोकळी सोडण्याचे समर्थन करणारे हा फरक विसरतात.

छत्तीसगडच्या मैदानी भागातील वाट ही बहुतांशी धानाच्या शेतांच्या बांधावरून जाणारी वाट आहे. पेरणीनंतर जनावरे मोकळी सोडायची नाहीत, हा येथील गावांचा जुना दंडक ‘रोका-छेका’ या नावाने ओळखला जातो. राज्य सरकारने २०२० च्या जून महिन्यात याच नावाने मोहीमही राबवली होती. मात्र पीक घरी आले की बंधन सैल होते आणि रिकाम्या शेतांत गाई-म्हशी मोकळ्या चरू लागतात. म्हणजे फिरायला सर्वांत उत्तम असलेल्या हिवाळ्यातच बांधावर गुरांची गाठ पडते. सकाळी राऊत समाजाचे गुराखी गावाची जनावरे गोठाणावर गोळा करतात. त्या वेळी तेथून तीन कुत्री नेणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. वासरू सोबत असलेली गाय कुत्र्याला लांडग्याहून वेगळे समजत नाही. ती कुत्र्यावर धावून जाते आणि दोरीमुळे कुत्र्याशी बांधला गेलेला माणूस तिच्या वाटेत येतो. ब्रिटनमध्ये गाईंच्या हल्ल्यांत पादचारी दगावण्याच्या घटना घडल्या असून त्यातील अनेकांसोबत कुत्री होती. त्यामुळेच तेथील ग्रामीण भागासाठीच्या अधिकृत आचारसंहितेत, गुरे मागे लागल्यास कुत्र्याची दोरी सोडून द्यावी, असा सल्ला दिलेला आहे. कुत्रा गुरांपेक्षा वेगाने पळतो, माणूस नाही.

गावातील कुत्र्यांचे गणित याहून सोपे, पण अधिक नित्याचे आहे. प्रत्येक वस्तीची टोळी स्वतःची हद्द राखते. परक्या एका कुत्र्याकडे ती कधी कुतूहलाने पाहते, पण परके तीन कुत्रे तिला दुसरी टोळी वाटतात. अशा वेळी पळणे किंवा दगड भिरकावणे दोन्ही अंगाशी येते. दोऱ्या आखूड करून, न थांबता, आल्या वाटेने हळूहळू हद्दीबाहेर जाणे हा खात्रीचा उपाय आहे. त्याहूनही चांगला उपाय म्हणजे आधी एकट्याने जाऊन गावकऱ्याशी दोन शब्द बोलणे. त्याच्या एका हाकेने जे साधते, ते काठीने साधत नाही.

रान सुरू झाले की जोखमीचे स्वरूप बदलते. रायपूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, बलौदाबाजार-भाटापारा जिल्ह्यात बारनवापारा अभयारण्य आहे. १९७६ मध्ये घोषित झालेल्या या सुमारे २४५ चौरस किलोमीटरच्या जंगलात बिबटे, अस्वले आणि गवे आहेत. दक्षिणेला उदंती-सीतानदी व्याघ्र प्रकल्प आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये परवान्याशिवाय अभयारण्यात प्रवेश नाही आणि पर्यटकाच्या परवान्यात पाळीव कुत्र्याला स्थान नाही. गोंधळ होतो तो हद्दीबाहेर. अभयारण्याला कुंपण नसते आणि फलक संपला म्हणून जंगल संपत नाही. नागपूरकडे जाताना देवरी ते साकोली या टप्प्यात राष्ट्रीय महामार्ग ५३ हा नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातून, वाघांच्या येण्या-जाण्याच्या पट्ट्यातून जातो. कुत्र्यांना मोकळे करण्यासाठी सावली पाहून नेमकी तेथेच गाडी थांबवली जाते.

अशा जागी सैल सोडलेला कुत्रा अस्वलापाशी जाऊन भुंकतो, अस्वल उलटले की घाबरतो आणि संरक्षणासाठी मालकाकडे परत धावतो. त्याच्या मागे अस्वलही येते. हत्तीच्या बाबतीतही हेच घडते. गेल्या काही वर्षांत महासमुंद, गरियाबंद आणि धमतरी जिल्ह्यांत हत्तींचे कळप वावरू लागल्याने हा धोका आता केवळ उत्तर छत्तीसगडपुरता राहिलेला नाही. गुरांच्या बाबतीत दोरी सोडणे शहाणपणाचे असले, तरी येथे दोरी हातात असणे हाच बचाव आहे. शेताच्या कडेने रानडुकरांसाठी चोरून सोडलेल्या विजेच्या तारा हे आणखी एक कारण. या तारांनी छत्तीसगडमध्ये हत्तींचेही बळी घेतले आहेत. वासामागे गवतात शिरणाऱ्या कुत्र्याला त्या दिसत नाहीत आणि त्याला सोडवायला धावणाऱ्या माणसालाही नाही.

बिबट्याच्या दृष्टीने कुत्रा हे भक्ष्यच आहे. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या आत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के, म्हणजे सर्वाधिक आढळला. ऊसपट्ट्यातील हे चित्र जसेच्या तसे छत्तीसगडच्या जंगलाला लागू होणार नाही. पण संध्याकाळी साडेसहाला जंगलालगतच्या वाटेवर कुत्री का नेऊ नयेत, हे समजायला ते पुरेसे आहे.

आतापर्यंतचे धोके कुत्र्यांना आणि माणसांना होते. उलट दिशेचा धोका कमी बोलला जातो. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गुजरातमधील गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात २३ सिंह दगावले. तपासणीत कॅनाइन डिस्टेंपर या, प्रामुख्याने कुत्र्यांत आढळणाऱ्या रोगाचा विषाणू सापडला. टांझानियातील सेरेंगेटीत १९९४ मध्ये याच रोगाने सुमारे एक हजार सिंह, म्हणजे तेथील एक तृतीयांश सिंह मेले होते आणि संशोधकांनी त्याचा माग लगतच्या वस्त्यांतील कुत्र्यांपर्यंत काढला होता. आपल्या कायद्यात अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटर परिघात पाळल्या जाणाऱ्या पशुधनाच्या लसीकरणाची तरतूद आहे. मात्र त्या पशुधनाच्या व्याख्येत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, उंट, गाढव, डुक्कर, बदक अशी नावे येतात, कुत्र्याचे नाव येत नाही. बाहेरून दोन दिवसांसाठी आलेल्या कुत्र्याचा तर प्रश्नच नाही. त्यामुळे रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लसी वेळेवर देणे ही जबाबदारी पूर्णपणे मालकावर येते. प्रत्येक कुत्र्याचे लसीकरणाचे कार्ड वेगळे सोबत ठेवणे आवश्यक असते. कुत्र्याने कोणाला इजा केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीज प्रतिबंधक लस सुरू करावी लागते. चावणारे कुत्रे घरचे आहे, म्हणून हे टाळता येत नाही.

उपाय मात्र फारसे खर्चिक नाहीत. माणसामागे एक कुत्रा हे प्रमाण सर्वांत सुरक्षित. दोन प्रौढ आणि तीन कुत्री असतील, तर दोन कुत्री सावलीत उभ्या केलेल्या गाडीत दुसऱ्या माणसासोबत थांबवून फेऱ्या पाळीपाळीने कराव्यात. गाडीत कुत्र्याला एकटे ठेवणे हिवाळ्यातील दुपारीही घातक ठरते. एकाच व्यक्तीला दोन कुत्री न्यावीच लागली, तर दीड मीटरच्या, न ताणल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या दोऱ्या घ्याव्यात. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी एका कुत्र्यासाठी ठीक, पण दोघांसाठी ती सापळा बनते. दोरीचे वेटोळे बोटांभोवती किंवा मनगटाभोवती घेऊ नये आणि उतारावर ती कमरेला बांधू नये. कोणता कुत्रा डावीकडे व कोणता उजवीकडे, हे घरच्या गल्लीत महिनाभर आधी ठरवून सवय लावावी. निवासस्थानी एक कुत्रा खोलीत ठेवून दुसरा बाहेर नेल्यास मागे राहिलेला रडून सारे आवार जागे करतो. या विरहाची तालीमही घरीच झालेली बरी.

ऋतूचे भान वेगळे ठेवावे लागते. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. कुत्र्याला घाम जवळजवळ पंजांतूनच येतो आणि शरीर थंड करण्यासाठी त्याची सारी भिस्त धापा टाकण्यावर असते. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट साधत नाही. एकाच घरातील पग आणि देशी कुत्रा यांना म्हणून एका वेगाने चालवता येत नाही. फेरी नेहमी दुबळ्याच्या क्षमतेनुसार संपवावी. तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवता येत नसेल, तर पंजेही टेकत नाहीत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि गवतात घोणस, मण्यार, नाग असतात. पावसाळा संपला की कुसळी गवत वाळते आणि त्याची टोकदार कुसळे पंजांच्या बेचक्यांत, कानांत शिरून आत सरकत जातात. गोचीड वर्षभर असतात.

या तपासणीला कुत्र्यामागे पाच मिनिटे पुरतात. गाडीत बसवण्यापूर्वी एकेका कुत्र्याला बाजूला घेऊन चारही पंजे उघडून पाहावेत, मग कानांच्या आत, काखेत आणि शेपटीच्या मुळाशी. तिसऱ्या कुत्र्याची पाळी येईपर्यंत माणूस कंटाळलेला असतो आणि कुसळ नेमके त्याच्याच कानात राहून जाते.