खांबांचं गणित : कोलब्रुक ते घुग्घुस

दक्षिण आफ्रिकेतल्या कोलब्रुक इथल्या कोळसा खाणीत २१ जानेवारी १९६० रोजी ४३५ कामगार गाडले गेले. सुमारे ३ चौरस किलोमीटर टापूत छत पेलणारे कोळशाचे खांब काही मिनिटांत चिरडले. बहुतेक कामगार बासुटोलँड आणि मोझांबिकमधून पोटासाठी आलेले. एकाचाही मृतदेह वर आणता आला नाही. याच खाणीचा एक भाग त्याआधी २८ डिसेंबर १९५९ रोजी खचला होता, तरी काम चालूच राहिलं.

खांब किती जाड ठेवायचा, हे तोवर बव्हंशी अनुभवावर ठरे. बोर्ड अँड पिलर पद्धतीत थरात आडव्या-उभ्या गॅलऱ्या, म्हणजे बोगदे, काढतात आणि मधले कोळशाचे चौकोन खांब म्हणून सोडून देतात. मालकाच्या हिशेबात तो अडकलेला पैसा. भारतात १९५७च्या कोळसा खाण विनियमांनी खोली आणि गॅलरीची रुंदी पाहून खांबांचं किमान अंतर ठरवून दिलं होतं. ४.८ मीटर रुंद गॅलरी असेल, तर ६० मीटर खोलीपर्यंत एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १९.५ मीटर, २४० ते ३६० मीटर खोलीवर तेच ४५ मीटर.

कोलब्रुकनंतर सॅलॅमन आणि मन्रो या संशोधकांनी वेगळी वाट धरली. प्रयोगशाळेतल्या कोळशाच्या तुकड्यावर विसंबण्याऐवजी त्यांनी खऱ्या खाणींच्या नोंदी गोळा केल्या : ९८ ठिकाणी खांब टिकलेले, २७ ठिकाणी कोसळलेले. त्यातून १९६७ मध्ये सूत्र आलं. खांबाची रुंदी वाढली की ताकद वाढते, उंची वाढली की घटते. ही ताकद भारापेक्षा किमान १.६ पट असावी, अशी त्यांची शिफारस. त्याच काळात संशोधक बिएनियाव्स्की यांनी विटबँकच्या खाणीत जागेवरच कोळशाचे मोठमोठे ठोकळे दाबून पाहिले आणि हातात मावणारा नमुना खांबाची ताकद फुगवून सांगतो, हे दाखवून दिलं.

सूत्र काय सांगतं, ते एका उदाहरणावरून पाहू. खोली १५० मीटर, खांब १२ मीटर चौरस, गॅलरी ६ मीटर रुंद, उंची अडीच मीटर. ताकद भाराच्या १.४६ पट भरते; म्हणजे शिफारशीपेक्षा आधीच कमी. आता वरचा दोन मीटर कोळसाही काढून उंची साडेचार मीटर केली, तर हाच आकडा ०.९९ वर येतो. खांबाच्या रुंदीला कुणी हातही लावलेला नसतो, पण तो भाराखाली टिकेल याचा भरवसा उरत नाही. एक खांब गेला की त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो आणि तेही जातात. म्हणूनच खाणीच्या वेगवेगळ्या भागांच्या, म्हणजे पॅनेलांच्या, मध्ये जाड बॅरियर खांब सोडतात.

अमेरिकेत युटामधल्या क्रँडल कॅन्यन खाणीत २००७ मध्ये हे बॅरियर खांबच काढायला घेतले होते, तेही सहाशे मीटरहून अधिक खोलीवर. मार्चमध्ये उत्तरेकडच्या बॅरियरमध्ये खांब फुटले, तेव्हा काम दक्षिणेकडच्या बॅरियरमध्ये नेलं. ६ ऑगस्टला तिथे सहा कामगार अडकले. दहा दिवसांनी त्यांना सोडवायला गेलेल्यांपैकी तिघांचा जीव गेला. खांबांचा आराखडाच सदोष होता, असा सरकारी चौकशीचा निष्कर्ष निघाला. १९६० मध्ये हे सूत्र नव्हतं. २००७ मध्ये सूत्रं आणि संगणक दोन्ही होते. जमिनीने दोन्ही वेळा आधी इशारा दिला होता. ज्या आराखड्यातले खांब एकदा फुटले, तो तिथेच थांबवायला हवा. एवढं तरी या सत्तेचाळीस वर्षांनी शिकवायला हवं होतं.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसला ऑगस्ट २०२२ मध्ये एक राहतं घर बघता बघता जमिनीत गडप झालं. घरातली माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. त्या वस्तीखाली जुनी भूमिगत खाण होती. आसपासच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. खाण बंद होते, पण खांबांवरचा भार कमी होत नाही. त्यांच्या बाजू सुटत राहतात, पाण्याने ते भिजतात, काळाबरोबर झिजतात. विदर्भातल्या प्रत्येक जुन्या भूमिगत खाणीचा नकाशा, खांबांची मापं आणि आजची अवस्था गावाच्या हाती असली पाहिजे. घर कुठे बांधावं आणि कुठे बांधू नये, हे लोकांना त्यातूनच कळेल.