घर बांधण्यापूर्वीं घर पाहावें

‘घर पाहावें बांधून’ असें आपल्याकडे म्हणतात, तें खोटें नाहीं. बुलढाण्यास आमच्या राहत्या घरावर मजला चढवितांना आम्हांस त्याचा पुरेपूर अनुभव आला. वास्तुरचनाकारांच्या नकाशांत जिना यथास्थित होता. संरचना-अभियंत्यांच्या नकाशांत तुळईहि यथास्थित होती. पण ते दोन कागद एकमेकांवर ठेवून कोणींच पाहिले नव्हते. स्लॅब पडल्यावर कळलें कीं, जिना चढणाराचें डोकें नेमकें त्या तुळईस लागतें! अखेर जिना वळवावा लागला आणि त्यापायीं देवघराची दोन हात जागा गेली. आमच्या वृद्ध काकू आतां उंबऱ्याबाहेर बसून पूजा करितात.

पुण्यास वास्तुरचनेचा व्यवसाय करणाऱ्या पुतणीस आम्ही विचारलें, “दोष कोणाचा?” ती म्हणाली, “काका, दोष निरनिराळ्या कागदांचा.” मग तिनें संगणकावर ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’, म्हणजेच ‘बिम’, ही पद्धति दाखविली. कागदावर भिंत म्हणजे दोन रेघा. येथें भिंतीस जाडी, उंची, विटांचा प्रकार, ही सर्व माहिती जोडलेली असते. खिडकी एके ठिकाणीं सरकविली कीं तळनकाशांत, छेदांत व सामानाच्या यादींतहि तो बदल होतो. सर्वांचीं कामें एकत्र आणून तपासलीं, तर आडवी आलेली तुळई वीट रचण्यापूर्वींच दिसते.

आम्हांस ‘मयमत’ ग्रंथाचें स्मरण झालें. त्यांत स्थपति, सूत्रग्राही, वर्धकी व तक्षक असे चार शिल्पी सांगितले आहेत. चौघांचीं कामें निराळीं, पण तीं परस्परांच्या साहाय्यानेंच व्हावयाचीं. आज कारागीर वाढले. त्यांस जोडणारें सूत्र मात्र सैल झालें.

ही केवळ परदेशची नवलाई नव्हे. ब्रिटनमध्यें केंद्र सरकारच्या बांधकामांस ही पद्धति २०१६ पासून आवश्यक झाली. पण आपल्या विदर्भांतहि नागपूर मेट्रोनें तिचा अवलंब केला. तेथें लांबी, रुंदी व उंची यांस काळ आणि खर्च यांची जोड देऊन पंचमितीय प्रतिकृति वापरली गेली. मार्च २०१९ मध्यें त्या मेट्रोची प्रवासी वाहतूक सुरू झाली.

मग आमच्यासारख्या गांवीं अडतें कोठें? पुतणीनें कारणें सांगितलीं. आज्ञावलीचें वार्षिक शुल्क जबर, संगणक बलवान् लागतो, शिकण्यांत महिने जातात. आणि घरमालकास मंजुरीपुरता नकाशा स्वस्तांत हवा असतो. शिवाय एकट्या वास्तुरचनाकारानें ही पद्धति घेतली व अभियंता कागदच पाठवीत राहिला, तर तें महागडें चित्रच ठरतें.

या शेवटच्या दोन कारणांत आमचाहि वांटा आहे, हें कबूल केलें पाहिजे. नकाशाचे पैसे आम्हींच घासाघीस करून कमी केले होते. जिना फोडण्यांत त्याहून अधिक गेले. फ्रीकॅडसारखीं विनामूल्य साधनें आज उपलब्ध आहेत. तरुणांनीं तीं अवश्य शिकावींत. आणि घर बांधणारांनीं, संगणक असो वा नसो, स्लॅब पडण्यापूर्वीं वास्तुरचनाकार, अभियंता, नळकाम करणारा व गवंडी यांस एका ठिकाणीं बसवून सर्व नकाशे ताडून घ्यावेत. त्या बैठकीस घरांतील वडील बायकांनाहि बोलवावें. काकूंस कोणीं विचारलें असतें, तर देवघर वांचलें असतें.