हवाईचे सुपुत्र : एका गायकमंडळाची हकीकत

हवाई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. निळा समुद्र, माडांच्या रांगा, गळ्यात फुलांच्या माळा घातलेल्या नर्तकी आणि मागे लांबवर ओढलेला एक हळवा सूर. हा सूर आपल्या कानांना परका नाही. आपण ज्याला 'हवाईयन गिटार' म्हणतो, ते वाद्य सिनेसंगीतातून आपल्या घरोघर पोचले. ब्रिजभूषण काब्रा यांनी तर त्यावर रागदारी वाजवली. तेव्हा ज्या बेटांनी हे वाद्य जगाला दिले, तेथील माणसांच्या स्वतःच्या गाण्याचे काय झाले, हे समजून घेणे अप्रस्तुत होणार नाही. आम्ही संगीतशास्त्राचे जाणकार नव्हे. कामगारांत वावरलेली माणसे आहोत. 'सन्स ऑफ हवाई', म्हणजे हवाईचे सुपुत्र, या मंडळाची हकीकत आम्हांला जवळची वाटते, याचे कारणही तेच आहे. ते मंडळ उभे राहिले ते एका मजुराच्या घरी.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. हवाई हे एके काळी स्वतंत्र राज्य होते. 1893 साली राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करण्यात आले. हे घडवून आणणाऱ्यांत तेथे स्थायिक झालेले व्यापारी आणि मळेवाल्या घराण्यांतील माणसे होती. 1896 च्या कायद्याने शाळांतून इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरले आणि हवाईयन बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली. 1898 मध्ये अमेरिकेने ही बेटे आपल्या राज्याला जोडून घेतली. जमिनीवर ऊस उभा राहिला आणि तो तोडण्यासाठी चीन, जपान, पोर्तुगाल, फिलिपाइन्स येथून मजूर आणले गेले. मळेवाले त्यांना वंशावंशाच्या वेगळ्या वस्त्यांत ठेवीत. एकाचा संप दुसऱ्याकडून मोडून घेण्याची ती सोय होती. ही युक्ती 1946 साली फसली. सर्व वंशांचे सुमारे 26 हजार कामगार एकत्र आले, 79 दिवस संप चालला आणि कामगार जिंकले. परंतु लवकरच बेटांना नवा धनी मिळाला. 1959 साली हवाई अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले, त्याच साली जेट विमाने तेथे उतरू लागली आणि उसाच्या मळ्याची जागा हळूहळू हॉटेलाने घेतली.

हॉटेलाला गाणे हवे होते, पण पाहुण्याला समजेल असे. इंग्रजी शब्दांत थोडे हवाईयन शब्द पेरलेली गोड गाणी वायकीकीच्या किनाऱ्यावर अगोदरपासूनच चालू होती. 1935 पासून रेडिओने ती जगभर नेली. जुनी गाणी मात्र घरांत आणि अंगणांत राहिली. ती गाणारे म्हातारे होत चालले आणि नातवंडांना शब्द कळेनासे झाले.

येथे वाद्यांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. बेटांवर गिटार आली ती 1830 च्या सुमारास, गुरे राखायला मेक्सिकोकडून आणलेल्या घोडेस्वार गुराख्यांबरोबर. हवाईयन माणसाने ती आपल्या पद्धतीने लावून घेतली. काही तारा सैल करायच्या, म्हणजे बोट न ठेवताच सगळ्या तारा मिळून गोड वाजतात. मग अंगठ्याने खर्ज धरायचा आणि बोटांनी चाल वाजवायची. एकच माणूस दोघांचे काम करतो. याला 'की होआलु', म्हणजे 'खुंटी सैल करणे' म्हणतात. तारा लावण्याच्या रीती घराघरांतून गुप्त ठेवल्या जात. पुढे 1889 च्या सुमारास जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने तारांवर पोलादी पट्टी सरकवून मींड काढली; तीच आपली हवाईयन गिटार. युकुलेले हे छोटे वाद्य 1879 मध्ये माडेरा बेटावरून आलेल्या पोर्तुगीज मजुरांच्या वाद्यातून घडले. म्हणजे राजदरबाराने या गाण्याचे कौतुक केले हे खरे, पण त्याची हत्यारे आली ती गुराख्यांच्या आणि मजुरांच्या हातून.

आता मंडळाकडे वळू. गॅबी पाहिनुई यांचा जन्म 1921 चा, होनोलुलूच्या गरीब वस्तीतला. लहानपणी त्यांनी वर्तमानपत्रे विकली, बुटांना पॉलिश केले. दुसरे महायुद्ध संपल्यावर लवकरच त्यांनी 'हीइलावे' हे जुने गाणे सैल तारांच्या गिटारीवर ध्वनिमुद्रित केले. त्या पद्धतीच्या वादनाची ही पहिली तबकडी मानली जाते. एवढे नाव होऊनही पोट भरण्यासाठी ते होनोलुलूच्या नगरप्रशासनाकडे रस्त्यावर कुदळ-फावडे चालवीत. दिवसा खडी आणि सुट्टीला गिटार, असा त्यांचा क्रम होता. वायमानालो येथील त्यांच्या घरी शुक्रवारी सुरू झालेली बैठक रविवारपर्यंत चाले. येईल त्याने बसावे, वाजवावे, खावे.

तेथे 1959 मध्ये एडी कामाए हे तरुण युकुलेलेवादक आले. कामाए यांचे बोट विलक्षण चालत असे. लॅटिन नृत्यसंगीत, जॅझ, युरोपीय अभिजात रचना ते त्या चार तारांवर वाजवीत. हवाईयन संगीत त्यांना फार सोपे वाटे, म्हणून त्याकडे त्यांनी पाठ फिरवली होती. गॅबींची गिटार ऐकल्यावर ते पुन्हा पुन्हा येत राहिले. पुढे बास वाजवणारे जो मार्शल आणि स्टील गिटार वाजवणारे डेव्हिड 'फीट' रॉजर्स त्यांना मिळाले. रॉजर्स हे व्यापारी जहाजावरचे खलाशी होते. 1960 च्या सुमारास या चौघांचे 'सन्स ऑफ हवाई' झाले. त्यांची बैठक जमे ती होनोलुलूच्या कारखान्यांच्या भागातील 'सँडबॉक्स' या ठिकाणी. आपल्या भाषेतील गाणे ऐकायला स्थानिक माणसे तेथे गर्दी करीत. त्यांच्या वादनात कामाची वाटणी स्पष्ट असे. मार्शल ठेका धरीत, गॅबी चाल वाहून नेत, कामाए तिच्यावर नक्षी काढीत आणि रॉजर्स मोजकेच सूर टाकून गप्प बसत. दुसऱ्याला जागा देणे हे त्या संगीताचे मर्म होते.

कामाए यांना मात्र केवळ वाजवून समाधान होईना. शब्दांचे अर्थ हवे होते. ते मेरी कावेना पुकुई यांच्याकडे गेले. 1957 साली निघालेल्या हवाईयन-इंग्रजी शब्दकोशाच्या त्या एक कर्त्या. त्यांच्या मार्गदर्शनाने कामाए बेटाबेटांवरून हिंडले, म्हाताऱ्या माणसांच्या ओसरीवर बसले, ज्या दरीवर गाणे रचले ती दरी स्वतः पाहिली. वायपिओच्या दरीत त्यांना सॅम लीआ भेटले. 1881 साली जन्मलेले हे वृद्ध कवी गाणी रचून लोकांना भेट म्हणून देत. कामाए यांनी पुढे 1988 मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. हे हिंडणे वेळेवर झाले, कारण सॅम लीआ 1975 साली वारले. ही गाणी कागदापेक्षा माणसांत अधिक होती आणि माणसे थांबत नाहीत.

मंडळाची वाट सरळ नव्हती. गॅबी साठीच्या दशकात बाहेर पडले, 1971 च्या प्रसिद्ध तबकडीसाठी परतले आणि पुन्हा गेले. त्या तबकडीत पाचवे होते मो केआले. त्यांचे कुटुंब निइहाउ या बेटावरचे, जेथे हवाईयन भाषा घराघरांत टिकून राहिली आहे. 1974 मध्ये डेनिस कामाकाही हे विशीतले तरुण मंडळात आले. त्यांनी जुनी गाणी म्हटलीच, पण हवाईयन भाषेत शेकडो नवी रचली. संघटनेचा आम्हांला जो अनुभव आहे, त्यावरून याचे मोल आम्ही जाणतो. थोर माणूस निघून गेल्यावर त्याच्या जागी तरुण बसला आणि त्याने स्वतःचे काही आणले, तरच मंडळ जिवंत आहे म्हणायचे. नुसती तसबीर सांभाळणे वेगळे.

याच काळात बेटांवर जागृती झाली. 1976 मध्ये 'होकुलेआ' हे जुन्या धर्तीचे गलबत होकायंत्रावाचून, ताऱ्यांच्या आधारे ताहितीला पोचले. 1978 साली हवाईयन ही राज्याची अधिकृत भाषा झाली. 1984 पासून त्या भाषेतून चालणाऱ्या बालवाड्या निघू लागल्या. हे सगळे एका गायकमंडळाने केले असे म्हणणे बाष्कळपणाचे होईल. शिक्षक, आईबाप, जमिनीसाठी लढणारे तरुण यांनी ते केले. परंतु ज्या भाषेची लाज वाटायला शिकवले गेले, तीच भाषा भर बैठकीत अभिमानाने गाताना त्या तरुणांनी ऐकली होती, याला काहीच अर्थ नव्हता असे कोण म्हणेल?

गाण्याने सर्व काही मिळत नाही. गेलेले राज्य परत आले नाही, वायकीकीवरची हॉटेले हलली नाहीत. गॅबी 1980 मध्ये गेले, रॉजर्स 1983 मध्ये, कामाकाही 2014 मध्ये आणि कामाए 2017 मध्ये. पण त्यांनी गोळा केलेली गाणी आज बेटांवरची मुले अर्थासह म्हणतात. हॉटेलाने विकत घेतले ते पाहुण्याच्या करमणुकीचे गाणे होते. जपले गेले ते मात्र ज्यांचे होते त्यांनी, मजुरी करून, उरलेल्या वेळात. म्हणून जुने गाणे ठाऊक असलेला माणूस जोवर हयात आहे तोवर त्याच्या ओसरीवर जाऊन बसावे. त्याला पैसा लागत नाही. सवड काढावी लागते, आणि ती कुदळ चालवणाऱ्यानेही काढली, हे या मंडळाने दाखवून दिले आहे.