शर्टाचा जन्मदाखला

१९९६ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मुंबईतल्या एका कपडे निर्यात करणाऱ्या कंपनीत मी कागदपत्रांच्या टेबलावर होतो. पुरुषांच्या शर्टांची एक खेप हॅम्बुर्गला निघायची होती आणि ग्राहकाचा फॅक्स आला होता : ‘फॉर्म ए’ सोबत हवा. हिरव्या नक्षीच्या कागदावरचा हा फॉर्म म्हणजे मालाचा जन्मदाखलाच. तो जोडला की युरोपात आयातशुल्कात सवलत मिळे.

मी टाइपरायटरवर कागद चढवला आणि आठव्या चौकटीपाशी अडलो. माल आपल्या देशाचा कसा, हे तेथे एका अक्षरात सांगायचे असते. सर्वस्वी देशातच निपजला असेल तर ‘पी’. बाहेरचा कच्चा माल आणून त्यावर पुरेशी प्रक्रिया केली असेल तर ‘डब्ल्यू’. आमचे शर्ट मुंबईत बेतले गेले, येथेच शिवले गेले, काजबटणेही येथेच झाली. कापड मात्र कोरियाचे. एवढी प्रक्रिया पुरेशी नाही काय? साहेबांनी नियमांचे पुस्तक पुढे सरकवले. मागावरच्या कापडाचा शर्ट असेल तर देशातले काम सुतापासून सुरू झाले पाहिजे. शर्ट भारतातून जाणार होते, भारतीय हातांनी शिवलेले होते, पण सवलतीच्या दृष्टीने ते भारतीय नव्हते. फॉर्म कोराच राहिला. ग्राहकाने पुरे शुल्क भरले आणि तेवढी रक्कम आमच्या बिलातून कापून घेतली.

गरीब देशांच्या मालाला श्रीमंत देशांनी शुल्कात सवलत द्यावी, हे तत्त्व मान्य झाले ते आपल्याच राजधानीत, १९६८ साली नवी दिल्लीला भरलेल्या ‘अंकटाड’च्या दुसऱ्या परिषदेत. १९७१ पासून युरोपने ही सवलत सुरू केली. पण सवलत आली की प्रश्न येतोच : माल खरोखर त्या देशाचा, की दुसऱ्याच कोणाचा माल तेथे नुसता लेबल बदलून आला? हा प्रश्न रास्त आहे. नियम नसेल तर गरीब देशाच्या नावावर भलताच गब्बर व्हायचा. मात्र चाळणी किती बारीक ठेवायची, हे सवलत देणाराच ठरवतो. खरी मेख तेथे आहे.

बांगलादेशचेच पाहा. २००१ साली युरोपीय संघाने अतिगरीब देशांना शस्त्रास्त्रे वगळून जवळजवळ सर्व मालासाठी बाजार शुल्काविना खुला केला. तयार कपड्यांवर एरवी १२ टक्क्यांपर्यंत शुल्क असते. म्हणजे ही सवलत मोठीच. पण अट दोन टप्प्यांची होती. कापड तेथेच तयार व्हायला हवे आणि शिलाईही तेथेच. होजिअरीवाल्यांना हे जमले. नारायणगंजच्या बाजूला गिरण्या उभ्या राहिल्या होत्या, टी-शर्टाचे कापड घरचेच निघत होते. मागावरच्या कापडाचे शर्ट आणि पँटी शिवणाऱ्यांचे कापड मात्र बव्हंशी चीन, भारत अशा देशांतून येई. दक्षिण आशियातल्या शेजाऱ्याचे कापड चालवून घेण्याची सोय होती, पण त्यावर पडलेली भर त्या कापडाच्या किमतीहून जास्त असावी, अशी अट होती. शर्टाच्या किमतीत मोठा वाटा कापडाचाच असतो; शिलाईची भर त्याच्यावर जाणार कशी? दरपत्रकात शून्य लिहिलेले, आणि बंदरावर पुरे शुल्क, असा हा प्रकार होता.

कॅनडाने २००३ मध्ये हीच गाठ सैल केली आणि विकसनशील देशांकडून घेतलेले कापड चालवून घेतले. युरोपला हे शहाणपण सुचायला १ जानेवारी २०११ उजाडावे लागले. अतिगरीब देशांसाठी एकच टप्पा, म्हणजे शिलाई, पुरेसा ठरला. जागतिक व्यापार संघटनेच्या नैरोबी परिषदेत २०१५ साली, अशा देशांच्या मालात ७५ टक्क्यांपर्यंत परका कच्चा माल चालवून घेण्याचा विचार करावा, असे ठरले. ‘विचार करावा’ या शब्दांतच त्याचे बळ किती, ते कळते.

कडक नियमाला दुसरी बाजूही आहे. कापड घरीच करा, या अटीच्या आधाराने बांगलादेशातले गिरणीमालक उभे राहिले, हे खरे. पण गिरणीला भांडवल लागते, वीज लागते, वर्षे लागतात. शिलाई मशीनवर बसलेल्या बाईला पगार या महिन्यात हवा असतो.

हा प्रश्न आता पुन्हा दाराशी आला आहे. बांगलादेशने अतिगरीब देशांच्या यादीतून नोव्हेंबर २०२६ मध्ये बाहेर पडावे, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ साली ठरवले. तारीख मागेपुढे होवो. बाहेर पडल्यावर युरोपची ही सवलत आणखी ३ वर्षे टिकते आणि मग दोन टप्प्यांची अट परत येते. त्या देशात कापूस जवळजवळ पिकत नाही. आपला कापूस आणि आपले सूत तेथे मोठ्या प्रमाणावर जाते. ब्रुसेल्समधल्या एका ओळीची झळ म्हणूनच यवतमाळच्या बाजारापर्यंत पोचू शकते.

आणि आपणही नेहमी अर्जदाराच्याच रांगेत नसतो. श्रीलंकेशी आपला मुक्त व्यापार करार २००० साली अमलात आला. अट ३५ टक्के मूल्यवर्धनाची. परदेशी पाम तेल आणून त्याचे वनस्पती तूप श्रीलंकेत बनू लागले आणि शुल्काविना येथे उतरू लागले, तेव्हा आपले कारखानदार ओरडले आणि २००६ मध्ये वर्षाला अडीच लाख टनांची मर्यादा आली. २०२० पासून तर आपल्या आयातदारालाच मालाच्या मूळ देशाचा पुरावा जवळ बाळगावा लागतो. चाळणी आपल्या हाती आली की आपल्यालाही ती बारीकच लागते.

आता तो हिरवा फॉर्म युरोपसाठी लागत नाही. २०१७ पासून आपला नोंदणीकृत निर्यातदार स्वतःच तसे लिहून देऊ लागला. कागद गेला, आठव्या चौकटीतला प्रश्न गेला नाही. एखादा करार झाला आणि शुल्क शून्यावर आले, अशी बातमी वाचली की आकड्याकडे पाहून टाळ्या वाजवायची घाई मी करत नाही. मागच्या परिशिष्टात ‘बनवले’ या शब्दाचा अर्थ काय दिला आहे, तो आधी शोधतो.