मूतखड्याच्या ऑपरेशननं किडनी जाते का?

महाड असो की पोलादपूर, गटाच्या बैठकीत आजारपणाचा विषय निघाला की मूतखड्याचं नाव येतंच. आणि त्याच्यामागोमाग कुणीतरी म्हणतं, "ऑपरेशन नको करू गं, किडनी जाते." कुणाच्या सासऱ्यांची गेलेली असते, कुणाच्या मावशीची. हे ऐकून सोनोग्राफीचा कागद कपाटात ठेवून वर्ष काढणाऱ्या बायका आहेत. म्हणून आज आम्ही एवढ्या एकाच वाक्याबद्दल बोलणार आहोत.

आधी किडनीचं काम बघू. आपल्या दोन किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातलं बहुतेक सगळं परत रक्तात जातं आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. एकेका किडनीत असल्या बारीक गाळण्या सुमारे दहा लाख असतात. एकदा मेलेली गाळणी पुन्हा उगवत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खडा किडनीत नुसता बसून असला तर बऱ्याचदा फार बिघडवत नाही. तो खाली सरकून लघवीच्या नळीत अडकला, की लघवी मागे तुंबते. शेताच्या पाटात दगड अडकल्यावर मागे पाणी चढतं, तसंच. किडनी फुगते, आणि सोनोग्राफीच्या कागदावर डॉक्टर 'किडनीला सूज' असं सांगतात ती हीच. तुंबलेल्या लघवीचा दाब गाळण्यांवर पडतो. वाट पूर्ण बंद झाली असेल आणि ती आठवड्या-दोन आठवड्यांत मोकळी केली, तर किडनी बरीचशी सावरते. सहा आठवड्यांवर गेलं तर गेलेली ताकद फारशी परत येत नाही. त्यात लघवीला जंतू लागलेले असतील तर एवढाही वेळ मिळत नाही.

इथे एक फसवणूक होते. अडकलेल्या किडनीत लघवी तयार होणं हळूहळू कमी होतं, दाब उतरतो आणि कळही थांबते. बाईला वाटतं, खडा पडला. कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नाही. तो खरंच पडला का, हे पुन्हा सोनोग्राफी केल्यावरच कळतं.

दुसरी फसवणूक रक्ताच्या रिपोर्टची. "क्रिएटिनिन नॉर्मल आहे, मग कशाला घाबरायचं?" असं म्हणतात. पण एक किडनी पूर्ण बंद पडली तरी दुसरी तिचं काम अंगावर घेते आणि क्रिएटिनिन नॉर्मलच्या आसपास राहू शकतं. घरात दोन सुना असाव्यात, एक आजारी पडावी आणि स्वयंपाक तरीही वेळेवर व्हावा, तसं आहे हे. नुसतं जेवणाचं ताट बघून आजारी कोण ते कळणार नाही. म्हणून रक्ताच्या तपासणीबरोबर सोनोग्राफी हवीच. दोन्ही किडन्यांपैकी कोणती किती काम करते हे बघायला मोठ्या शहरात रेनल स्कॅन नावाची तपासणी असते.

आता ऑपरेशन. आपल्या गावांतल्या जुन्या माणसांच्या कुशीवर वीतभर व्रण दिसतो. पूर्वी कूस उघडून, कधी किडनीवर काप घेऊन खडा काढत. बरं व्हायला महिने जात. भीतीचं मूळ त्या व्रणात आहे, आणि ती भीती तेव्हा अगदीच खोटी नव्हती. पण १९७६ साली स्वीडनच्या डॉक्टरांनी पाठीतून बारीक वाट करून, त्या वाटेनं खडा काढल्याचं प्रसिद्ध केलं. १९८० साली जर्मनीत म्युनिकला बाहेरून लहरींचे धक्के देऊन खडा फोडला गेला. आज बहुतेक खडे दुर्बिणीनं निघतात. नळीतला खडा लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून लेझरनं फोडतात, कुठे कापावं लागत नाही. किडनीतला मोठा खडा असेल तर पाठीतून बोटाएवढं किंवा त्याहून लहान छिद्र करतात. त्या छिद्राच्या वाटेवरच्या थोड्या गाळण्या जातात, तिथे बारीक व्रण राहतो. पण सगळ्या किडनीच्या मानानं तो भाग अगदी किरकोळ असतो. ऑपरेशननंतर काही दिवस क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं, मग उतरतं. अडलेली वाट मोकळी झाल्यावर बऱ्याच जणांची किडनी आधीपेक्षा चांगलं काम करू लागते.

मग त्या सासऱ्यांची किडनी का काढली? बहुतेक वेळा गोष्ट उलट क्रमानं घडलेली असते. खडा वर्षानुवर्षं अडकून राहिलेला असतो, किडनी आतून पाण्याची पिशवी झालेली असते, आणि मग निकामी झालेली, पू धरलेली ती किडनी काढावी लागते. गावात मात्र ऑपरेशनचं नाव होतं.

धोका काहीच नाही, असं आम्ही म्हणणार नाही. पाठीतून केलेल्या ऑपरेशनात कधी रक्तस्राव होतो, क्वचित तो थांबवायला वेगळा उपाय करावा लागतो. लघवीत जंतू असताना खडा फोडला तर ते रक्तात पसरू शकतात, म्हणून आधी लघवीची कल्चर तपासणी करतात. ती "उगाच खर्च" म्हणून टाळू नका. बायकांना वारंवार लघवीची जळजळ होते, आणि अशा जंतूंमुळे हरणाच्या शिंगासारखा फाटे फुटलेला खडा किडनीभर वाढतो. तो पुष्कळदा दुखतच नाही. लावणीच्या, बेणणीच्या दिवसांत आडोसा नाही म्हणून पाणी न पिणाऱ्या आणि लघवी दाबून ठेवणाऱ्या आपणच. डोंगरातल्या वाड्यांवर तर एप्रिल-मे महिन्यांत हंडाभर पाण्यासाठी चालावं लागतं. तिथे "भरपूर पाणी प्या" हा सल्ला देणं सोपं आहे. तरीही घरातल्या पाण्यात आपला वाटा आधी धरा. दिवसाला दोन लिटरच्या वर लघवी व्हायला हवी, ती पांढुरकी दिसायला हवी.

कुळथाचा काढा? जरूर प्या, त्या निमित्तानं पाणी पोटात जातं. चार-पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुतेकदा आपले आपण पडतातही. पण घट्ट अडकलेला खडा कुळथानं विरघळत नाही, आणि बिअरनंही नाही. (हे घरातल्या पुरुषांना वाचून दाखवा.) कळ आली की दरवेळी दुकानातून दुखण्याची गोळी आणणं तर जास्त वाईट. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या डॉक्टर गरजेपुरत्या देतात, पण आधीच तुंबलेल्या, सुकलेल्या किडनीला त्या वारंवार घेतल्यानं इजा होते.

कळ येऊन थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, बाई गरोदर असली किंवा एकच किडनी असली, तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. अशा वेळी डॉक्टर आधी नळी घालून लघवी मोकळी करतात, खडा नंतर काढतात.

पैशाचं बोलू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली, तेव्हा राजीव गांधींच्या नावानं, पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. मूतखड्याची ऑपरेशनं तिच्यात बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा. कोणत्या दवाखान्यात हे ऑपरेशन होतं ते १५५३८८ वर आधी विचारून घ्या, म्हणजे गाडीभाडं वाया जाणार नाही.

शेवटचं, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त विसरलं जाणारं. ऑपरेशननंतर पुष्कळदा लघवीच्या नळीत 'स्टेंट' नावाची मऊ नळी ठेवतात. ती काही आठवड्यांत, फार तर डॉक्टर सांगतील तेवढ्या महिन्यांत काढायचीच असते. बाहेरून दिसत नाही, दुखणं कमी झालेलं असतं, आणि मग "लावणी झाल्यावर बघू, गणपती झाल्यावर बघू" होतं. आत राहिलेल्या नळीवर नवे खडे चढतात आणि ती किडनीची वाट पुन्हा बंद करते. ऑपरेशननं वाचलेली किडनी अशी जाते. म्हणून घरी सोडताना विचारा: नळी ठेवली आहे का, कोणत्या तारखेला काढायची, त्याचे पैसे योजनेत बसतात का. ती तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवा, म्हणजे हप्ता विचारताना अध्यक्षा नळीबद्दलही विचारतील.