भिंतीतला जीआय उतरवताना

मुंबई-पुण्यातल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारतींत एक काम वारंवार निघते: भिंतीतली जीआय लाइन काढून सीपीव्हीसी टाकायची. बाथरूमच्या फरश्या बदलायला काढल्या की हेही उरकून घेतात. पण बहुतेक ठिकाणी ते अर्धेच होते. घरातली लाइन नवी होते, गच्चीवरच्या टाकीतून उतरणारी सामाईक लाइन तशीच राहते, आणि भिंती फोडूनही नळाची धार बारीकच.

जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी पाइप. जस्त आधी स्वतः झिजते आणि तोवर पोलादाला राखते. ते संपले की गंज धरतो. मात्र आटे पाडताना डाय तिथला मुलामा खरवडून काढते आणि पाइपाची जाडीही कमी करते. म्हणून गळती बहुधा एल्बोपाशी, टीपाशी, सॉकेटपाशी आधी लागते. सूत आणि सफेदा लावून जोड कितीही घट्ट आवळला असला, तरी आटेच खाल्ले गेल्यावर तो धरणार कशाला?

अर्ध्या इंची जुन्या पाइपाचा करवतीने कापलेला तुकडा एकदा हातात घेऊन पाहावा. बाहेरचा रंग शाबूत असतो. आत मात्र तांबूस-तपकिरी गाठी एकीवर एक चढलेल्या आणि मधोमध जेमतेम पेन्सिल जाईल एवढे भोक. गाठ खरवडली की वरचे टणक कवच फुटते आणि आतून काळा, मऊ गाळ निघतो. सकाळी नळ सोडल्यावर पहिले तांबडे पाणी येते ते इथूनच. आतला व्यास निम्मा झाला तर प्रवाह निम्म्यावर येऊन थांबत नाही. दाब तोच असला तरी तो साधारण सहाव्या हिश्श्यावर येतो.

आपल्याकडे यात पाण्याच्या वेळा भर घालतात. मुंबईला 1860 साली विहार तलावाचे पाणी नळाने मिळू लागले, पुढे तुळशी, तानसा, वैतरणा, भातसा अशी भर पडत गेली. पण शहराच्या बहुतेक भागांत पाणी येते ते ठरावीक तासच. अनेक सोसायट्याही टाकीचा वॉल्व्ह सकाळ-संध्याकाळ तेवढा उघडतात. पाणी गेले की लाइनीत हवा शिरते, आणि ओल्या पोलादाला हवा लागत राहिली की गंज झपाट्याने वाढतो.

पहिला फटका वरच्या मजल्याला बसतो. टाकी नळाच्या दहा मीटर वर असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब मिळतो. सर्वांत वरच्या घराला ही उंची तीन-चार मीटरच मिळते, म्हणजे दाब एक तृतीयांशाच्या आसपास. तळमजल्याला गंजलेली लाइनही चालून जाते आणि सभेत तळमजला म्हणतो, आम्हाला तर पाणी व्यवस्थित येते. माझ्या मते इथेच काम अडते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते. म्हणजे वरच्या मजल्याची धार हा तिथल्या एका सभासदाचा खासगी प्रश्न नाही. आधी सामाईक लाइन, मग घरातली, हाच क्रम धरला पाहिजे.

नवे साहित्य घेतानाही डोळे उघडे हवेत. अमेरिकेत 1978 ते 1995 या काळात लाखो घरांत पॉलिब्युटिलिनचे पाइप टाकले गेले. पाण्यातल्या क्लोरीनने ते आतून ठिसूळ होऊ लागले, दावे उभे राहिले, आणि 1995 मध्ये 95 कोटी डॉलरची तडजोड झाली. लोकांना भिंती पुन्हा फोडाव्या लागल्या. सीपीव्हीसी भारतात 1990 च्या दशकाच्या अखेरीस आले. त्याचे मानक आयएस 15778. पाइपावर हा क्रमांक आणि आयएसआयची खूण पाहूनच तो घ्यावा. हा पाइप गंजत नाही, गीझरचे पाणी सोसतो, पण तापला की लांबतो. तीस अंशांच्या वाढीला दहा मीटरमागे सुमारे दोन सेंटिमीटर, म्हणजे पोलादाच्या पाचपट. तो सिमेंटात करकचून गाडला तर ताण जोडांवर येतो. गच्चीवर उघडा राहणार असेल तर त्याला पाण्यात कालवायचा रंग द्यावा. ऑइलपेंटमधली द्रावके त्याला बाधतात. नळ बसवायच्या जागी पितळी आट्यांचे फिटिंग घ्यावे आणि तिथे पाना जपून चालवावा.

चर बुजवण्याआधी जोडांना लावलेले चिकटवायचे सोल्युशन पुरते वाळू द्यावे, मग हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन काटा उतरतो का ते पाहावे. गवंडी घाई करतो, कारण टाइलवाला खोळंबलेला असतो. तरी ही चाचणी सोडू नये. मग मोजपट्टी भिंतीला टेकवून उघड्या लाइनीचे फोटो काढावेत. पुढे आरसा टांगायला खिळा ठोकणाऱ्याला ते लागतील.

शेवटी जुन्या लाइनीचे काय, ते पाहावे. सगळी भिंत फोडून ती काढायची गरज नसते, पण ती नव्या लाइनीपासून पूर्ण तोडलीच पाहिजे. जोडलेला राहिलेला बंद तुकडा आतले पाणी महिनोन्‌महिने साचवून ठेवतो, आणि दाब कमी-जास्त झाला की तेच पाणी पिण्याच्या नळाला येते.