चमचाभर व्हिनेगर, मिनिटभर वेळ

मैत्रिणींनो, कांद्यावर घालायचं व्हिनेगर एखादीचा जीव वाचवील, असं कुणी म्हटलं तर आपण हसूच, नाही का? पण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सिद्ध केलं. १९९८ पासून त्यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी तपासणी झाली, तीही चार आठवड्यांत शिकून तयार झालेल्या साध्या आरोग्यसेविकांकडून.

गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं. पेशी बिघडल्या असतील तर पांढरा डाग उमटतो. डाग म्हणजे कर्करोगच असं नव्हे. मग डॉक्टर पुढची तपासणी करतात. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाले : तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी!

घरच्यांची औषधं आपण वेळेवर देतो. स्वतःचं मात्र ‘दुखत नाही, मग कशाला दाखवायचं?’ हा रोग सुरुवातीला दुखतच नाही, हीच तर मेख आहे. तिशी उलटली ना? मग संकोच सोडा, सरकारी दवाखान्यात चौकशी करा. शेजारणीलाही सोबत न्या. आणि हो, हा प्रयोग घरी करायचा नाही हं!